काळ्यावर काळी अक्षरं

दहावीच्या वर्गाला मी अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवलं. रसग्रहण लिहायला दिलं की मुलं थेट अर्थाकडे धाव घ्यायची आणि मी त्यांना मागे ओढून आधी अक्षरांपाशी बसवायची. काय लिहिलंय, कुठे लिहिलंय, कोणता शब्द कोणाच्या शेजारी आहे, काय लिहायचं टाळलंय, एवढं पाहून झालं की मग अर्थाला हात घाला, असं सांगायची. निवृत्त झाल्यावर याच रीतीने मी एक मजकूर वाचला. तो माझ्या स्विफ्टच्या टायरवर होता. काळ्या रबरावर काळ्याच रबराने उठवलेला, चिखलाने भरलेला, आणि वर्षानुवर्षं शेजारून जाऊनही मी कधी न वाचलेला.

२०२५ च्या पावसाळ्यात पुण्याहून साताऱ्याला येत होते. खंबाटकीच्या घाटात पुढच्या ट्रकने ब्रेक दाबला, मीही दाबला, आणि गाडी थांबायच्या ऐवजी तशीच सरकत गेली. ट्रकच्या मागच्या फळीपासून दोन हातांवर थांबली. काही झालं नाही, पण ते सरकणं अंगात राहिलं. ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर महामार्गालगत टायरचं दुकान चालवणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेले. चारही टायर बदलायचेत, पेन्शनीत बसतील असे दाखव, म्हटलं.

त्याने दरपत्रक काढलं नाही. गल्ल्याच्या खणातून खडू काढला, फडक्याने टायरची कड पुसली आणि खडू आडवा धरून घासत नेला. उठावाची अक्षरं पांढरी झाली, खोलगट भाग काळा राहिला. "बाई, भाव नंतर बोलू. आधी हे वाचा," तो म्हणाला.

शिलालेखाचा ठसा घेताना असंच होत असणार. जे डोळ्यांसमोर होतं तेच पहिल्यांदा दिसतं. ही अक्षरं नंतर छापलेली नसतात. कच्चं रबर साच्यात घालून उष्णतेने आणि दाबाने पक्कं करतात, तेव्हा साच्यात कोरलेली अक्षरं टायरच्या अंगावरच उमटतात. टायर आणि त्याचा मजकूर एकाच वेळी जन्माला येतात.

सगळ्यात मोठी अक्षरं कंपनीच्या नावाची असतात. ती आपण आपोआप वाचतो आणि तिथेच थांबतो. नावांनाही इतिहास आहे. मद्रासला १९४६ मध्ये खेळण्यातले फुगे करण्यापासून एमआरएफची सुरुवात झाली. सीएट हे इटलीतल्या तोरिनो शहराच्या मूळ कंपनीच्या नावातल्या आद्याक्षरांचं कडबोळं आहे. ती १९५८ मध्ये भारतात आली आणि मुंबईत भांडुपला तिचा कारखाना उभा राहिला. हे सगळं गोड आहे, पण आपल्या गाडीला काय हवं ते नाव सांगत नाही. ते सांगणारी ओळ नावाच्या निम्म्याहून लहान अक्षरांत असते. माझ्या टायरवर ती अशी होती: १६५/८० आर १४ ८५ एस.

बारा चिन्हांची ही ओळ मी मन लावून वाचली आणि तिच्या नेमकेपणाने थक्क झाले. १६५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. मग तिरकी रेघ. तिच्यापुढचा ८० मिलिमीटर नाही, इंच नाही, काहीच नाही. तो टक्का आहे, आणि तोही पहिल्या आकड्याचा. रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतची टायरची उंची ही रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. पहिल्याकडे पाहिल्याशिवाय दुसऱ्याला अर्थच नाही. तिरकी रेघ हा त्या दोघांमधला संबंध आहे. पुढचा १४ हा रिमचा व्यास, तो मात्र इंचांत. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच गुण्यागोविंदाने नांदतात. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९७५ मध्ये रिमही मिलिमीटरमध्ये आणून ही खिचडी मोडायचा प्रयत्न केला होता. तो रुजला नाही. लोकांच्या तोंडी बसलेलं माप व्याकरणाला जुमानत नाही, हे भाषा शिकवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

मधला आर म्हणजे रेडियल. आत दोरे कसे विणलेत ते हे एक अक्षर सांगतं. टायरच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जाणारे दोरे, आणि त्यांच्यावर नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे. मिशेलिननेच १९४६ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं. आमच्या लहानपणी कुर्ल्याला बनणाऱ्या पद्मिनी मोटारीच्या टायरवर ५.२०-१४ असं असायचं. जिथे आज आर आहे तिथे तेव्हा नुसती आडवी रेघ होती. ती रेघ म्हणजे दोरे तिरपे, एकमेकांना छेदणारे. एका रेघेच्या जागी एक अक्षर आलं, त्यात मोटारीच्या टायरचं एक युग बदललं.

इथे माझा विद्यार्थी म्हणाला, "बाई, लोक येतात आणि म्हणतात, जरा रुंद टायर टाक, गाडी दणकट दिसते. मी त्यांना गणित करून दाखवतो." ते गणित मला छंदशास्त्रासारखं वाटलं. रिमचे १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची कड, १३२ दुणे २६४. चाकाचा एकूण व्यास झाला सुमारे ६२० मिलिमीटर. आता याच गाडीच्या महागड्या मॉडेलला १८५/६५ आर १५ असा टायर येतो. रुंदी वेगळी, टक्का वेगळा, रिम वेगळी. तरी बेरीज करा: ३८१ अधिक २४०.५, म्हणजे सुमारे ६२२. दोन मिलिमीटरचा फरक! मात्रावृत्तात अक्षरांची संख्या चरणागणिक बदलते, पण मात्रा जुळतात, तसंच हे. गाडीचा स्पीडोमीटर आणि गिअर या मात्रांवर बसवलेले असतात. आता कुणी 'थोडा रुंद' म्हणून १४ इंची रिमवरच १७५/७० चढवला तर व्यास येतो ६०१. एकोणीस मिलिमीटर कमी, म्हणजे तीन टक्के. काटा शंभर दाखवतो तेव्हा गाडी सत्त्याण्णवच्या आसपास धावत असते, आणि जमिनीपासूनची उंचीही घटते. वृत्तभंग कानाला कळतो, हा कळत नाही.

म्हणून परवडणारा टायर निवडण्याची माझी पहिली पायरी ही ओळच. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने चिकटवलेल्या पट्टीवर जे माप आहे तेच घ्यायचं. रुंद टायरला जास्त पैसे मोजायचे, कदाचित रिमही नव्या घ्यायच्या, आणि इंधनही थोडं जास्त जाळायचं, यातलं काहीही माझ्या पेन्शनीला करावंसं वाटलं नाही.

शेवटचे दोन शब्द, ८५ आणि एस, हे संकेत आहेत. कोष्टक उघडल्याशिवाय ते उलगडत नाहीत. ८५ म्हणजे एका टायरने पेलायचं वजन ५१५ किलो. ८४ असेल तर ५००, ८६ असेल तर ५३०. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर वेगापर्यंत, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०. समृद्धी महामार्गावर मोटारीला वेगमर्यादा १२० आहे. मग एच लिहिलेल्या टायरला हजार रुपये जास्त कशाला, असं मी विचारलं. "अजिबात नको," तो म्हणाला, "पण पट्टीवर जे अक्षर आहे त्याच्या खाली उतरायचं नाही. वर जायची सक्ती नाही, खाली जायची परवानगी नाही." वजनाच्या आकड्यालाही हाच नियम. इतकं स्पष्ट वाक्य मी कुठल्या जाहिरातीत वाचलेलं नाही.

मुख्य ओळीच्या खाली बारीक अक्षरांत एक तळटीप होती. नक्षीखाली एक थर पॉलिस्टर, दोन थर पोलाद. कडेला फक्त एक थर पॉलिस्टर. वाचलं आणि मी कडेवरून हात मागे घेतला. पाचशे किलो पेलणाऱ्या वस्तूच्या बाजूला पोलाद नाहीच. फुटपाथच्या कडेला टायर घासला, खड्ड्याच्या धारेवर आपटला, की फुगा येतो तो याच भिंतीला, कारण आतले दोरे तुटलेले असतात. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. त्या फुग्याचं कारण कंपनीने स्वतःच भिंतीवर लिहून ठेवलेलं असतं.

त्याच्या बाजूला आणखी एक ओळ: जास्तीत जास्त दाब ३५० किलोपास्कल, ५१ पीएसआय. ही ओळ चुकीची वाचली जाते. पेट्रोल पंपावर हवा भरणारा मुलगा वाकून ही संख्या वाचतो आणि तेवढी हवा भरायला निघतो, असं मी स्वतः पाहिलं आहे. ती टायरची सहनशक्ती आहे. आपल्या गाडीला किती हवा द्यायची ते दाराच्या पट्टीवर असतं आणि ते याहून बरंच कमी असतं. एकाच वस्तूवर दोन ठिकाणी दोन आकडे असले की कोणता कोणासाठी लिहिला आहे, हे आधी ठरवावं लागतं.

आता ज्या चार आकड्यांसाठी मी हा लेख लिहायला घेतला, त्यांच्याकडे येते. डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी एक लांब ओळ असते आणि तिच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे. माझ्या मागच्या दोन टायरवर ते होते ०८१७. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २०१७ सालचा आठवा आठवडा, म्हणजे फेब्रुवारी महिना.

ते टायर मी पुण्यातल्या एका दुकानातून २०२१ च्या दिवाळीत 'नवे' म्हणून घेतले होते. जुना माल काढतोय, म्हणून दोन टायरमागे दोन हजार सूट मिळाली होती. मी घेतले तेव्हाच ते साडेचार वर्षांचे होते, आणि खंबाटकीत गाडी सरकली तेव्हा आठ वर्षं उलटून गेलेले. नक्षी अजून बऱ्यापैकी शाबूत होती, म्हणून मला संशयही आला नव्हता. विद्यार्थ्याने नखाने दाबून दाखवलं. रबर दबत नव्हतं. खाचांच्या तळाशी केसाएवढ्या बारीक भेगा होत्या, उन्हाळ्यात तळ्याच्या गाळाला पडतात तशा.

रबर झिजतं तसं म्हातारंही होतं. हवेतला ऑक्सिजन, ओझोन आणि उष्णता त्याचे रेणू बदलत जातात, ते कडक होतं आणि ओल्या डांबरावरच्या बारीक उंचसखलपणात रुतून बसण्याची त्याची शक्ती जाते. भेगा पडू नयेत म्हणून रबरात मेण आणि इतर रसायनं मिसळलेली असतात. टायर फिरता राहिला, वाकत राहिला, की ती हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात. बऱ्याच कंपन्या पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यायला आणि दहा वर्षांनी नक्षी असली तरी काढून टाकायला सांगतात. चार-सहा महिन्यांपूर्वी बनलेला टायर नवाच समजावा, त्यात काही वावगं नाही. पण दोन-तीन वर्षं जुना टायर सुटीच्या भावात घेताना आपण स्वस्त रबर घेत नसतो, उरलेलं आयुष्य घेत असतो. ते किती उरलंय ते त्या चार आकड्यांत लिहिलेलं आहे.

या ओळीची एक खोड सांगितली पाहिजे. तारखेसह पूर्ण ओळ बहुतेक वेळा टायरच्या एकाच बाजूला असते. दुसऱ्या बाजूला ओळ अर्धवट सुटते. टायर चढवताना तारखेची बाजू आत गेली की ती गाडीखाली झोपल्याशिवाय दिसत नाही. म्हणून रिमवर चढवण्याआधी, दुकानात जमिनीवर ठेवलेला असताना, दोन्ही बाजू उलटून वाचायच्या. दुकानदाराला यात राग येण्यासारखं काही नाही, आणि आलाच तर दुसरं दुकान पाहावं.

दुकानाच्या कोपऱ्यात एक टायर होता. कुणीतरी जुन्या बाजारातून आणून, बसवून द्या म्हणून टाकून गेलं होतं. खाचा खोल, कडा धारदार, अगदी नव्यासारखा. विद्यार्थी म्हणाला, "बाई, यात प्रक्षिप्त ओळी शोधा." दहावीत कधीतरी संतांच्या गाथांबद्दल बोलताना मी वापरलेला शब्द त्याच्या लक्षात होता. टायरच्या खांद्यावर टीडब्ल्यूआय ही तीन अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. तिथून नक्षीच्या खाचेत पाहिलं की तळाशी रबराचा आडवा बंधारा दिसतो, १.६ मिलिमीटर उंचीचा. नव्या टायरची खाच साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असते. झिजत झिजत नक्षी या बंधाऱ्याला टेकली की टायर संपला. आपल्या मोटार वाहन नियमांतही मोटारीसाठी हीच मर्यादा आहे. कोपऱ्यातल्या टायरमध्ये त्रिकोण होता आणि बंधारा नव्हता. तो कापून काढलेला होता. गुळगुळीत झालेल्या टायरवर तापलेल्या पात्याने नव्या खाचा पाडल्या होत्या. ट्रकच्या काही टायरना खाली तेवढं जादा रबर दिलेलं असतं आणि तसं त्यांच्यावर लिहिलेलं असतं. मोटारीच्या टायरमध्ये ते नसतं. तिथे खाच कोरली की पोलादाच्या पट्ट्यावर रबराचं नुसतं पापुद्र्याएवढं आवरण राहतं. मूळ लेखकाचं चिन्ह आहे आणि त्याने दाखवलेली वस्तू नाही, यावरून बनावट पाठ ओळखता येतो. माझ्या मते असा टायर विकणं हा गुन्हाच मानला पाहिजे. अडल्या माणसाला तो निम्म्या किमतीत मिळतो आणि चालवणाऱ्याचं सगळं कुटुंब त्या पापुद्र्यावर बसतं.

आयएसआयचं चिन्हही मी खडूने उजळून पाहिलं. केंद्र सरकारच्या २००९ च्या गुणवत्ता आदेशानंतर ते आपल्याकडे बंधनकारक झालं. ते नसलेला नवा टायर हातात घेऊ नये, एवढं पुरे.

मजकूर जितका बोलतो तितकाच तो काय बोलत नाही, हे पाहणं रसग्रहणात महत्त्वाचं. या भिंतीवर किंमत नाही. किती किलोमीटर चालेल ते नाही. काही टायरवर अमेरिकेच्या नियमाप्रमाणे ट्रेडवेअर म्हणून ३०० किंवा ४०० असा आकडा असतो; १०० ला पायाभूत धरून झिजेला टायर किती टिकेल याचं ते गुणोत्तर. पण तो आकडा कंपनी स्वतःच देते, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना त्यावरून करावी, दोन कंपन्यांची नको. त्याच्या शेजारचं ट्रॅक्शनचं अक्षर ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावल्यावर मिळणाऱ्या पकडीचं आहे, वळणावरच्या पकडीचं नाही. घाटात राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ पासून टायरच्या नव्या रचनांना ओल्या रस्त्यावरची पकड, फिरतानाचा विरोध आणि आवाज या तीन कसोट्या लागू झाल्या. त्यांचे गुण मात्र माझ्या टायरच्या भिंतीवर कुठे वाचायला मिळाले नाहीत. मला ही उणीव खुपते. पाऊस चार महिने कोसळणाऱ्या प्रदेशात ती पकड ठळक अक्षरांत लिहायला हवी.

कारण सगळा खेळ केवढ्या जागेवर चालतो ते पाहा. माणसांसकट माझी गाडी बाराशे किलोची धरली तर एका चाकावर तीनशे किलो. हवेचा दाब ३० पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलो. भागाकार केला की रस्त्याला टेकलेली जागा येते सुमारे १४० चौरस सेंटिमीटर. पोस्टकार्डापेक्षा थोडी मोठी. अशी चार पोस्टकार्डं, आणि पावसात त्यांच्याखालचं पाणी खाचांतून बाहेर फेकायला सेकंदाचा काही अंश.

भाव मग अर्ध्या तासात ठरला. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आहे. पाच हजारांच्या मूळ किमतीवर टायरमागे पाचशे रुपये कमी. बिलावर १८ टक्केच लावलेत ना, एवढं पाहून घ्या. त्याने तीन टायर समोर ठेवले. सगळ्यात स्वस्त आणि मधला यात हजाराचा फरक होता. "धरा, स्वस्त ४,६०० ला आणि ३५ हजार किलोमीटर चालला, मधला ५,६०० ला आणि ५० हजार चालला. किलोमीटरला पहिला तेरा पैसे, दुसरा अकरा." मी मधला घेतला. माप तेच, वजनाचा आकडा तोच, वेगाचं अक्षर एक पायरी वर, तारीख ३२२५, म्हणजे त्याच वर्षीचा ऑगस्ट. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घेतलं. त्या पैशांत काटकसर केली तर नवा टायर एकाच बाजूने घासून लवकर जातो.

ज्यांना चार एकदम परवडत नाहीत त्यांनी दोन घ्यावेत, एकाच जोडीचे, आणि नवे दोन मागच्या चाकांना लावावेत. दुकानात बहुतेक वेळा पुढे लावतात, कारण गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते. पण ओल्या वळणावर पुढची चाकं सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी केला की बहुधा ताब्यात येते. मागची सुटली तर ती गोल फिरते, आणि तेव्हा भल्याभल्या ड्रायव्हरांच्या हातात काही उरत नाही.

निघताना विद्यार्थ्याने डिकी उघडून स्टेपनी काढली आणि खडू माझ्या हातात दिला. गाडीसोबत आलेला तो पाचवा टायर कधी रस्त्यावर उतरलाच नव्हता. नक्षी कोरी, अक्षरं कोरी, आणि तारीख मागच्या दोघांहूनही जुनी. घरात खडू असेल तर आजच खाली जा आणि आपल्या स्टेपनीवरचे शेवटचे चार आकडे वाचा.